मुलाचे लक्ष कोणाच्या मालकीचे?

आमचा धाकटा नातू दुसरीत, म्हणजे इथल्या भाषेत किता बेतमध्ये शिकतो. सुटीत तो आमच्याकडे दिमोनाला राहावयास येतो तेव्हा कपड्यांच्या पिशवीबरोबर आपला टॅबलेटही आणतो, कारण त्याच्या शाळेचा बराचसा गृहपाठ आता त्यातच असतो. गेल्या पेसाहच्या आधी तो असाच आला होता. जेवणे आटोपल्यावर तो गुणाकार करीत बसला आणि आम्ही उभयता त्याच्या पाठीशी उभे राहून कौतुकाने पाहू लागलो. उत्तर बरोबर आले की पडद्यावर फुगा फुटे, टाळ्या वाजत आणि कोपऱ्यातल्या डब्यात एक सोनेरी तारा टपकन पडे. अर्ध्या तासात पोराने चाळीस तारे मिळविले. आमच्या सौ.नी त्याची दृष्ट काढायचीच काय ती बाकी ठेवली.

मग आम्हांला आजोबापणाची लहर आली. टॅबलेट बाजूस सारून आम्ही त्याला विचारले, "सात गुणिले आठ किती?" पोरगा आमच्या तोंडाकडे पाहत राहिला. थोड्या वेळाने अगदी सरळपणे म्हणाला, "सबा, उत्तरे कोणकोणती आहेत ते आधी सांग ना!"

तेव्हा आमच्या ध्यानात आले. पुन्हा त्याच्या शेजारी बसून नीट पाहिले. प्रत्येक गणिताखाली तीन उत्तरे दिलेली असत. तो पहिल्यावर बोट टेकवी. चुकले तर दुसऱ्यावर, तेही चुकले तर तिसऱ्यावर. तारा जरा लहान होई, पण पडे मात्र नक्की. लबाडी त्याच्या मनात मुळीच नव्हती. त्याच्यापुढे जो व्यवहार मांडला होता तो त्याने बरोबर ओळखला होता: तीनपैकी एक खरे असते, आणि बोट हलवीत राहिले की तारा मिळतो.

त्या रात्री आम्ही मूठभर चणे टेबलावर सात रांगांत मांडले, एकेका रांगेत आठ. त्याने ते मोजले, पुन्हा मोजले, आणि छप्पन्न झाल्यावर सगळे खाऊन टाकले. हे आम्ही बढाईने सांगत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी विचारले तेव्हा तो चोपन्न म्हणाला.

असो. एका नातवाच्या गणितासाठी लेख लिहिण्याचे कारण नव्हते. परंतु त्या संध्याकाळपासून एक प्रश्न आमच्या डोक्यात घर करून बसला आहे, आणि आपल्या समाजातल्या बहुतेक घरांत आज सबा-सावतांपुढे तो उभा असणार म्हणून तो वाचकांपुढे मांडतो. लहान मुलाला विद्येकडे नेण्यासाठी त्याला भुलवणे योग्य आहे काय? आणि योग्य असेल, तर कोठवर?

आमच्या पिढीतले पुष्कळ लोक ह्याचे उत्तर झटक्यात देतात. "आमच्या वेळी असले चोचले नव्हते. मास्तरांची छडी होती, आणि आम्ही शिकलोच की!" शिकलो, हे खरे. मुंबईच्या ज्या शाळेत आम्ही होतो तिथले एक मास्तर पाढा चुकला की तळहातावर छडी देत, आणि पावकी-निमकीपासून दिडकीपर्यंत सगळे आम्हांला आजही झोपेत म्हणता येते. पण त्याच मास्तरांच्या तासाला पोटात जो गोळा उठे तोही आम्हांला आजपर्यंत सोडून गेलेला नाही. शिवाय भीतीही मुलाचे लक्ष पकडूनच ठेवते. छडी काय आणि तारा काय, दोन्हींत मूल गणिताकडे पाहत नाही. एकात हाताकडे पाहते, दुसऱ्यात डब्याकडे. म्हणून छडीच्या आठवणीने गहिवरणाऱ्या मित्रांबरोबर आम्ही जाऊ शकत नाही.

आपल्या पूर्वजांनी ह्या प्रश्नाचा विचार केला नव्हता असे नाही. तालमूदाच्या बाबा बात्रा ह्या भागात सांगितले आहे की आरंभी ज्याला बाप होता तोच शिके. पोरक्या मुलाला शिकविणारे कोणी नसे. पुढे पहिल्या शतकात यहोशुआ बेन गमला ह्या मुख्य याजकाने गावोगावी शिक्षक नेमविले आणि सहा-सात वर्षांच्या मुलांना त्यांच्याकडे घालण्याची पद्धत पाडली. तेथेच पुढे एका शिक्षकाकडे पंचवीस मुले असावीत, चाळीस झाली तर मदतनीस द्यावा, पन्नास झाली तर दोन शिक्षक ठेवावेत, असाही हिशेब आहे. मुलाला मारायचेच झाले तर जोड्याच्या वादीपेक्षा जड वस्तूने मारू नये. आणि जो शिकत नाही त्याला हाकलू नये, इतरांच्या सोबतीस बसू द्यावे, असा सल्ला रब ह्यांनी एका शिक्षकाला दिला आहे. हा शेवटचा सल्ला आम्हांला फार आवडतो. न शिकणाऱ्या मुलालाही वर्गात जागा आहे, आणि ती त्याने तारे मिळवून कमवायची नाही!

भुलवण्याविषयी स्पष्ट बोलले ते रांबाम. मिश्नेवरील त्यांची टीका ११६८ च्या सुमारास पुरी झाली. त्यात सनहेद्रिनच्या दहाव्या अध्यायाला त्यांनी जी प्रस्तावना लिहिली आहे, तिच्यात एक लहान मूल आणि त्याचा शिक्षक ह्यांचे उदाहरण आहे. मुलाला तोराचे मोल कळत नाही. म्हणून शिक्षक त्याला अक्रोड, अंजीर, मध देऊ करतो. मूल मोठे होते, खाऊची किंमत राहत नाही, तेव्हा चांगले जोडे नि कपडे, मग नाणी, मग लोक तुझ्यापुढे उठून उभे राहतील, तुला विद्वान म्हणतील, हे आमिष. रांबाम ही शिडी दाखवितात, परंतु तिचे कौतुक करीत नाहीत. हे सारे त्यांना हिणकसच वाटते. माणसाची समज तोकडी म्हणून नाइलाजाने करावयाची ही गोष्ट. शेवटी सत्य हे सत्यासाठीच शिकले पाहिजे, असे त्यांचे म्हणणे. आपल्या शेजारच्या अश्कनाझी मंडळींतही शाळेच्या पहिल्या दिवशी पाटीवरच्या अक्षरांना मध लावून तो मुलाला चाटावयास देण्याची जुनी चाल होती.

म्हणजे परंपरा अक्रोडाच्या बाजूने आहे, असे म्हणून आम्ही स्वस्थ बसणार होतो. पण अमेरिकेत १९७३ साली लेपर, ग्रीन आणि निस्बेट ह्या तिघा मानसशास्त्रज्ञांनी जो एक प्रयोग प्रसिद्ध केला तो स्वस्थ बसू देत नाही. तीन ते पाच वर्षांची, चित्रे काढण्याची मूळचीच आवड असलेली मुले त्यांनी निवडली आणि त्यांचे तीन गट केले. पहिल्या गटाला आधीच सांगितले की चित्र काढलेत तर सोनेरी ठशाचे, लाल फीत लावलेले प्रशस्तिपत्र मिळेल. दुसऱ्या गटाला काही न सांगता नंतर तेच प्रशस्तिपत्र दिले. तिसऱ्याला काहीच दिले नाही. एक-दोन आठवड्यांनी पाहिले तेव्हा दुसऱ्या आणि तिसऱ्या गटाची मुले पूर्वीप्रमाणे चित्रे काढीत होती. परंतु ज्यांनी बक्षिसाच्या बोलीवर चित्र काढले होते, ती इतरांच्या सुमारे निम्माच वेळ खडूंपाशी रमत होती. आवड होती तिथे बोलीने ती घटविली होती.

रांबाम चुकले काय? आम्हांला तसे वाटत नाही. त्यांच्या उदाहरणातल्या मुलाला अजून गोडी लागलेलीच नाही. प्रयोगातल्या मुलांना ती होती. जिथे गोडी नाही तिथे अक्रोड दार उघडतो, आणि जिथे दार आधीच उघडे आहे तिथे तोच अक्रोड वाटेत आडवा येतो. पण यंत्राला हा भेद कसा कळावा? ते आवडीच्या मुलालाही तारा देते आणि कंटाळलेल्यालाही. हे मूल आज कोणते आहे, हे ओळखणे शिक्षिकेचे काम आहे. पंचवीस मुलांचा हिशेब आपल्या पूर्वजांनी घातला तो ह्यासाठीही असेल, असा आपला आमचा तर्क.

अक्रोडांची आणखी एक गोष्ट आहे, आणि ती वाचकांना ठाऊक असेल. पेसाहच्या संध्याकाळी रब्बी अकिवा मुलांना भाजलेले दाणे आणि अक्रोड वाटीत असत. का? तर मुलांनी झोपी जाऊ नये आणि प्रश्न विचारावेत म्हणून. रांबाम हीच चाल पुढे सांगतात आणि तीत भर घालतात: जेवणाआधीच मुलांसमोरून मेज उचलून घ्यावे, म्हणजे ती चकित होऊन विचारतील की आज हे काय चालले आहे? पाहा, इथेही खाऊ आहे, गंमत आहे, आजच्या भाषेत सांगावयाचे तर मुलाला गुंतविण्याचे साधन आहे. पण हे अक्रोड कशाच्या मोबदल्यात दिलेले नाहीत. मूल जागे राहावे एवढ्यासाठी ते आहेत, आणि जागे झालेले मूल काय विचारील ह्यावर वडील माणसांचा ताबा नाही. एखादे वेळी ते अडचणीचेही विचारील.

आपल्या बेने इस्राएल लोकांनी ही साधने कधी कमी लेखली नाहीत. मुंबईत १८४६ मध्ये शिळाप्रेसवर हिब्रूबरोबर मराठी अर्थ असलेली हग्गादा छापली गेली. तेव्हा शिळाप्रेस हे नवेच तंत्र होते. पुण्याला १८७४ मध्ये निघालेल्या हग्गादेत मात्सा भाजणाऱ्या बायका लुगडी नेसलेल्या दाखविल्या आहेत. मिसरातून बाहेर पडण्याच्या कथेत आपल्यासारख्या बायका पाहून त्या वेळच्या मुलांनी आईला काय विचारले असेल! पुढे १८८० च्या सुमारास आपल्यातल्या काही जाणत्यांनी मराठी कीर्तनाचा साज घेऊन योसेफ, मोशे ह्यांची आख्याने रचली. पेटी-तबला, चाली, मध्येच विनोद. लहान मुलेही जागी राहत. परंतु कीर्तनकार ऐन रंगात थांबतो. भावांनी योसेफाला खड्ड्यात टाकले की तो चिपळ्या खाली ठेवतो आणि श्रोत्यांना विचारतो, आता त्या बापाच्या मनाचा विचार करा. गाणे थांबते तिथे शिकणे सुरू होते. नातवाच्या टॅबलेटात थांबणे म्हणून नाहीच. फुगा फुटला की लगेच पुढचे गणित. विचाराला मध्ये श्वासाएवढीही जागा नाही.

ह्याचा अर्थ पडदा वाईट, असा कोणी घेऊ नये. तसे म्हणणे आमच्या हातून कृतघ्नपणाचे होईल. ह्या देशात शैक्षणिक दूरचित्रवाणी १९६६ मध्ये सुरू झाली, सर्वसाधारण दूरचित्रवाणीच्याही आधी, आणि ती २०१८ मध्ये बंद होईपर्यंत तिच्यावर अनेक पिढ्या वाढल्या. आमची मुले लहान होती तेव्हा आम्हांला धड हिब्रू येत नव्हती. ऊलपानातली चार वाक्ये आणि कारखान्यातल्या शिव्या, एवढीच आमची पुंजी. मुलांना गोष्ट सांगावी तर ती मराठीत, आणि मुले मराठीला लाजू लागली होती. तेव्हा दुपारी त्या काळ्या-पांढऱ्या पेटीसमोर मुलांबरोबर बसून आम्हीही अक्षरे गिरविली. पुढे १९८३ मध्ये 'रेहोव सुमसुम' आले, तोपर्यंत मुले मोठी झाली होती. पण आमच्या सौ. मात्र ते एकट्या पाहत. त्यांना तिथे 'समेख' आणि 'शिन'चा घोळ सुटला, असे त्या अजून सांगतात.

त्या कार्यक्रमाचा मूळ अवतार अमेरिकेत १९६९ साली निघाला. त्याच्या कर्त्यांनी एक युक्ती वापरली होती. मुलाला टीव्हीसमोर बसवायचे आणि शेजारी दुसऱ्या पडद्यावर दर साडेसात सेकंदांनी नवे चित्र दाखवायचे. मुलाची नजर टीव्हीवरून ढळली की तो भाग कच्चा समजून दुरुस्त करायचा. नजर मोजण्याचा हा उद्योग ऐकून पहिल्यांदा आम्हांला अंगावर काटा आला. परंतु मुले खरोखर काही शिकली की नाही, हेही त्या मंडळींनी बाहेरच्या परीक्षकांकडून तपासून घेतले. पुढे १९७९ मध्ये एका संशोधनात पाच वर्षांच्या मुलांच्या एका गटाला हाच कार्यक्रम खेळण्यांच्या खोलीत दाखविला, दुसऱ्या गटाला खेळण्यांशिवाय. खेळणी नसलेल्यांनी ८७ टक्के वेळ पडद्याकडे पाहिले, खेळणी असलेल्यांनी अवघा ४७ टक्के. आणि समजले किती? दोघांनाही सारखेच! खेळता खेळता मुले जे कळण्याजोगे होते तेवढ्यापुरती मान वर करीत होती.

हे वाचून आमच्या मनातली एक गाठ सुटली. नजर खिळली म्हणजे मन खिळले, हा आपला, आणि यंत्रे करणाऱ्यांचाही, मोठा गैरसमज आहे. मूल किती मिनिटे पडद्यापुढे बसले हे मोजणे सोपे, म्हणून तेच मोजले जाते. मुलाला काय प्रश्न पडला हे कसे मोजणार?

आणि इथे केवळ पद्धतीचा प्रश्न संपून नीतीचा सुरू होतो, असे आम्हांस वाटते. सात वर्षांच्या मुलाचे लक्ष ही त्याची स्वतःची वस्तू आहे. त्याला ती राखता येत नाही, म्हणून आई-बाप, शिक्षक, आणि आता यंत्र करणारेही, तिचे राखणदार आहेत. दुसऱ्याची ठेव आपल्यापाशी असली तर तिचे नियम आपल्या शास्त्रात किती कडक आहेत हे वाचकांना सांगावयास नको. ती खर्चता येत नाही, स्वतःसाठी वापरता येत नाही. मागताच परत द्यावी लागते. मग मूल पडद्यावरून उठले तेव्हा त्याची ठेव त्याला परत मिळाली काय? अधिक जागे होऊन उठले, की चिडचिडे आणि रिकामे? आई-बापांना हे कोणत्याही तज्ज्ञाशिवाय कळते. सांगण्याची मात्र लाज वाटते, कारण पडद्याने त्यांनाही दोन तास शांतता दिलेली असते. आम्हांलाही दिली आहे. खोटे का बोला?

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा हे सगळे उघडे पडले. आमच्या इमारतीत एका घरी तीन मुले आणि एक संगणक. तिघांचे वर्ग एकाच वेळी. थोरला बसे, मधली खिडकीत, धाकट्याला कोणी विचारीतच नसे. बाप नसलेल्या मुलाला शिकविणारे कोणी नसे, हे तालमूदातले वाक्य तेव्हा आम्हांला नव्याने कळले. साधन कितीही चांगले असो, ते कोणाच्या घरी नाही हे आधी विचारावयास हवे.

आता चांगल्या उपयोगाचे एक उदाहरण सांगतो. सीमोर पेपर्ट म्हणून दक्षिण आफ्रिकेत जन्मलेले एक यहुदी गणिती होते. १९६७ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसह मुलांसाठी 'लोगो' नावाची संगणकाची भाषा केली. यंत्राने मुलाला चालविण्याऐवजी मुलाने यंत्राला चालवावे, असा त्यांचा आग्रह होता. त्यांच्याच परंपरेतून २००७ मध्ये 'स्क्रॅच' निघाले. ते फुकट आहे आणि हिब्रूतही आहे. आमच्या थोरल्या नातीने, जी चौथीत आहे, त्यात एका मांजराला चालावयास लावून धाकट्या भावाला दाखविले. मांजर पडद्याबाहेर निघून गेले. "गेले कुठे?" हा त्याचा प्रश्न. तारा नाही, टाळ्या नाहीत; पण दोघे तासभर त्या मांजरामागे लागले होते.

ह्याच नातीला तिच्या मोराने पेसाहच्या सुटीसाठी काम दिले होते: घरातल्या वडील माणसाकडची एक जुनी वस्तू घ्या आणि मोबाइलवर तिचा पाच मिनिटांचा चित्रपट करा. नातीने आमची विळी निवडली. ही खोवणीची विळी आमच्या आईची. आम्ही अलिया करून निघालो तेव्हा तिने ती जुन्या साडीत गुंडाळून आमच्या सौ.च्या हाती दिली होती. नातीने ती आमच्या स्वयंपाकघरात शंभरदा पाहिली होती आणि एकदाही काही विचारले नव्हते. त्या दिवशी मोबाइल हाती धरून ती समोर बसली, आणि सौ. नारळ खोवू लागल्या. मटणात दूध चालत नाही म्हणून नारळाचे दूध, हे त्यांनी सांगितले. कोकणात नारळ मुबलक, हेही सांगितले. आम्ही मध्येमध्ये आपली भर घालीत होतो. नात चांगली चित्रे घेत होती: हाताची, पात्याची, पांढऱ्या खोबऱ्याच्या ढिगाची.

मग तिने विचारले, "ही तुमच्या ईमाची ना? तुम्ही इकडे घेऊन आलात. मग ती नारळ कशाने खोवत होती?"

सौ.चा हात थांबला. आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिले. आई त्यानंतर अकरा वर्षे मुंबईत एकटी राहिली. त्या अकरा वर्षांत आम्ही तिला पत्रे लिहिली, पैसे पाठविले, फोटो पाठविले. हा प्रश्न आम्हांला कधी सुचला नव्हता. तिने दुसरी घेतली असेल, शेजारणीची मागून आणीत असेल, की एकटीसाठी नारळ खोवणेच सोडले असेल? सांगणारे कोणी आता राहिलेले नाही.

"ठाऊक नाही," आम्ही म्हणालो.

चित्रपट पाच मिनिटांत बसविताना नातीला बरेच कापावे लागले. कोकणातल्या नारळांविषयी आम्ही जे बोललो होतो ते सगळे गेले. आमच्या गप्प बसण्याची ती काही सेकंदे मात्र तिने ठेवली. पुढे वर्गात ती दाखविली गेली तेव्हा मुले हसली, कारण त्यांना वाटले की मोबाइल बिघडला आहे.